शेवटचं कडवं

बँडमधला एखादा माणूस गेला की उरलेल्यांनी काय करायचं? प्रश्न साधा दिसतो, पण आहे अवघड. दुकानातला भागीदार गेला तर पाटी तशीच राहते, गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो. शाळेतले गुरुजी गेले तर त्यांच्या जागी दुसरे येतात. बँडचं तसं नसतं. चार पोरं विशीत एकत्र येतात, एका गाडीतून गावोगाव फिरतात, एकमेकांची उणीदुणी काढत पंधरा-वीस वर्षं एकत्र काढतात, आणि त्यातून जो आवाज तयार होतो तो त्या चौघांचाच असतो. त्यातला एक वजा केला तर हिशेबाने पाऊण बँड उरायला हवा. तसा तो उरत नाही. वेगळंच काहीतरी उरतं.

१९८० या एकाच वर्षात हा प्रश्न रॉकवाल्यांपुढे तीनदा आला, आणि तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली.

पहिली पाळी एसी/डीसीवर आली. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारीला लंडनमध्ये गेला. वय ३३, कारण बेसुमार दारू. आदल्याच वर्षी त्यांचा 'हायवे टू हेल' गाजला होता आणि पुढच्या अल्बमची जुळवाजुळव सुरू होती. अँगस आणि माल्कम यंग या भावांनी बँड मोडायचा विचार केला, पण बॉनच्या घरच्यांनीच त्यांना थांबू नका म्हणून सांगितलं. काही आठवड्यांत ब्रायन जॉन्सन हा नवा गायक आला, बहामा बेटांवर रेकॉर्डिंग झालं, आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' दुकानात होता. मुखपृष्ठ सबंध काळं, सुतकाचं. सुरुवातीला घंटेचे संथ टोल. बस्स, एवढंच. पुढे सगळा नेहमीचा दणदणाट. माणूस जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. जगात सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांमध्ये आज त्याची गणना होते.

दुसरी पाळी जॉय डिव्हिजनची. त्यांचा गायक इयन कर्टिस याने १८ मे रोजी, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, आत्महत्या केली. वय अवघं २३. आपल्यातलं कुणी बाहेर पडलं तर हे नाव वापरायचं नाही, असं त्या चौघांचं आधीच ठरलं होतं. उरलेल्या तिघांनी ते पाळलं. न्यू ऑर्डर असं नवं नाव घेतलं, गिटार वाजवणारा बर्नार्ड समनर हळूहळू गायला लागला आणि १९८१ मध्ये 'मूव्हमेंट' हा त्यांचा पहिला अल्बम आला. तो ऐकताना जाणवतं की ही माणसं अजून बसलेल्या धक्क्यातून बाहेर आलेली नाहीत. स्वतःचा आवाज सापडायला त्यांना आणखी काही वर्षं लागली.

तिसरी लेड झेपलिनची. ड्रम वाजवणारा जॉन बॉनम २५ सप्टेंबरला गेला आणि ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी चार ओळींचं निवेदन काढून दुकान बंद केलं. त्याच्याशिवाय ते होणे नाही, असा त्याचा मथितार्थ.

तेव्हा एकाने रिकाम्या खुर्चीवर नवा माणूस बसवला, दुसऱ्याने घराचं नावच बदललं आणि तिसऱ्याने घराला कुलूप लावलं. यात बरोबर कोण आणि चूक कोण हे ठरवायला मी बसलेलो नाही. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. गेलेल्या माणसाचं याबाबत काय म्हणणं होतं हे कुणालाच विचारता आलं नाही. तिघेही अचानक गेले. मागच्यांनी आपापल्या परीने अंदाज बांधला.

मला जास्त छळतं ते चौथं उत्तर. ते बऱ्याच नंतरचं, १९९५ चं आहे. तिथे जाणाऱ्याने उरलेल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तो अल्बम म्हणजे क्वीनचा 'मेड इन हेवन', आणि तो सांगून गेलेला माणूस म्हणजे फ्रेडी मर्क्युरी.

फ्रेडीचं आपल्याशी असलेलं नातं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मूळ नाव फारोख बुलसारा, जन्म १९४६ चा, झांझिबारचा. आईवडील पारशी, मूळचे वलसाडकडचे, बुलसारा हे आडनावही तिथलंच. वयाच्या आठव्या वर्षी या पोराला बोटीने हिंदुस्थानात धाडलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, तिथेच 'फ्रेडी' झाला, आणि तिथेच पाच पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात तो मुख्य गायक नव्हता, मागे बसून पियानो बडवायचा. म्हणजे बँड नावाच्या प्रकरणाशी त्याची पहिली ओळख आपल्या सातारा जिल्ह्यातल्या थंड हवेच्या डोंगरावर झाली. पुढे १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर क्वीन सुरू झाला. वर्षभरात बेस गिटारवर जॉन डीकन आला. नंतर वीस वर्षं हेच चौघे, एकही बदल नाही. रॉकच्या दुनियेत हे फार दुर्मीळ.

१९८७ मध्ये फ्रेडीला एड्स असल्याचं निदान झालं. तेव्हा त्यावर उपाय म्हणावा असं जवळजवळ काहीच नव्हतं, आणि रोगापेक्षा त्याच्या नावाची दहशत मोठी होती. त्याने ते जगापासून लपवलं. क्वीनचे जाहीर कार्यक्रम १९८६ च्या ऑगस्टनंतर बंदच झाले होते. राहिला होता स्टुडिओ. १९९१ च्या फेब्रुवारीत 'इन्युएंडो' हा अल्बम बाहेर आला. एवढी प्रकृती ढासळलेला दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झालं आता, शांत पडून राहू दे. हा गृहस्थ लगेच परत रेकॉर्डिंगला उभा राहिला.

ठिकाण होतं स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. जिनिव्हाच्या तळ्याकाठचं छोटं गाव, तिथल्या कसिनोच्या इमारतीत माउंटन स्टुडिओ. लंडनमध्ये पेपरवाले दाराशी टपलेले असायचे, इथे कुणी मागे लागत नसे. फ्रेडीला बरं वाटेल त्या दिवशी निरोप यायचा, बाकीचे जमायचे, आणि तो जेवढा वेळ उभा राहू शकेल तेवढा वेळ काम चालायचं. त्याने सोबत्यांना सांगितलं होतं ते अगदी सरळ होतं. मला गायला काहीही द्या, जे द्याल ते मी गाऊन ठेवतो. बाकीचं तुम्ही मागाहून पुरं करा.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या वाक्याचं वजन कळणार नाही. गाणं रेकॉर्ड करताना प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज टेपवर वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात, म्हणजे नंतर एक काढून दुसरं घालता येतं. नेहमीचा क्रम असा, की आधी ड्रम आणि बेस बसवायचं, मग गिटार, पियानो, आणि सगळी इमारत उभी राहिली की शेवटी गायक येऊन गातो. माँत्रोला वेळच नव्हता. यंत्रावर साधा ठेका लावायचा आणि त्यावर फ्रेडीचा आवाज घ्यायचा. कळस आधी चढवला गेला, पाया नंतर भरायचा होता. आणि तो भरला जाईल तेव्हा आपण असणार नाही, हे गाणाऱ्याला पुरतं माहीत होतं.

त्या दिवसांत मे आणि फ्रेडी मिळून 'मदर लव्ह' नावाचं गाणं लिहीत होते. मे कागदाच्या चिटोऱ्यावर ओळी लिहून द्यायचा आणि फ्रेडी त्या लगेच गायचा. असं करत करत गाणं शेवटच्या कडव्यापाशी आलं. तेव्हा फ्रेडी म्हणाला की आता थकलोय, जरा बरं वाटलं की येऊन हे पुरं करतो. हा १९९१ चा मे महिना. तो परत आला नाही. २३ नोव्हेंबरला त्याने आपल्या आजाराचं जाहीर निवेदन काढलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या घरी गेला. वय ४५.

आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण करतात आणि माणसं कामाला लागतात. परंपरेने आखून दिलेली ती एक मुदत आहे, दुःखाला घातलेलं कुंपणच म्हणा. या तिघांचं सुतक चार वर्षं चाललं. १९९२ च्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीला मोठा श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पण टेपांना हात लागला नाही. मग टेलर आणि डीकन यांनी काम सुरू केलं. मे तेव्हा स्वतःच्या अल्बमचा दौरा करत होता. परतल्यावर त्याला झालेलं काम पटलं नाही, आणि बरंचसं पुन्हा नव्याने झालं. रुसवेफुगवेही झाले असणारच. घरातला माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंना आधी कुणी हात लावायचा यावरून भावाभावांत जे होतं, त्याचाच हा प्रकार. नंतर मेने महिनोन् महिने यंत्रापुढे बसून त्या आवाजावर काम केलं. दिवसभर फ्रेडी कानात गातोय, आणि यंत्र बंद केलं की तो नाही. हे रोज.

अडचण अशी होती की माँत्रोच्या शेवटच्या दिवसांतलं सामान अल्बमभर पुरण्यासारखं नव्हतं. हाताशी होती तीनच गाणी. 'मदर लव्ह', तळ्याकाठी बसून फ्रेडीने लिहिलेलं 'अ विंटर्स टेल', आणि 'यू डोन्ट फूल मी'. हे तिसरं तर सलग गाणंही नव्हतं. त्यांचे रेकॉर्डिंगचे साथीदार डेव्हिड रिचर्ड्स यांनी आवाजाचे सुटे तुकडे जोडून त्याचा आकार उभा केला. बाकी मग जुन्या पेट्या उघडाव्या लागल्या. १९८५ मध्ये फ्रेडीने एकट्याने काढलेल्या अल्बममधली दोन गाणी घेतली, जुनी वाद्यं काढून टाकली, आवाज तेवढा ठेवला आणि त्याभोवती तिघांनी नव्याने वाजवलं. १९८० मध्ये म्युनिकला पियानोवर सहज छेडलेला एक तुकडा सापडला, तो वाढवून अल्बमची सुरुवात केली. एक गाणं टेलरच्या दुसऱ्या बँडसाठी गायलेलं, एक १९८९ च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला पडून राहिलेलं.

मला यावरून गोधडी आठवते. आजी गेली की तिची मऊ झालेली लुगडी कुणी टाकून देत नाही. त्यांचे तुकडे करून, एकावर एक बसवून गोधडी शिवतात. एक तुकडा तिच्या तरुणपणातला, एक सणाचा, एक अगदी शेवटी अंगावर असलेल्या लुगड्याचा. त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं, नेसणारी तेवढी एक. धावदोऱ्याचे टाके घालणारे हात मात्र मागे राहिलेल्यांचे. 'मेड इन हेवन' ही तशीच गोधडी आहे. अकरा वर्षांतल्या निरनिराळ्या मूडचा, निरनिराळ्या तब्येतीचा तोच एक गळा, आणि सगळीकडून सारखा फिरलेला तिघांचा धागा. म्हणून तो ऐकताना तो कधी धडधाकट फ्रेडी वाटतो, कधी मरणाच्या दारातला, आणि दोन्ही एकाच बैठकीत.

अशा अल्बमांवर एक आरोप हमखास होतो, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्याचा. तो नेहमीच खोटा असतो असंही नाही. कलावंत गेल्यावर कपाटातला कपटान् कपटा विकायला काढणारे कमी नाहीत. पण 'मेड इन हेवन'ला हा आरोप लावताना मला तरी अडखळायला होतं, आणि त्याचं कारण आहे ते 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं.

ते कडवं फ्रेडीने गायलंच नव्हतं. मग करायचं काय? गाळून टाकता आलं असतं. आधीचंच एक कडवं पुन्हा जोडता आलं असतं, तेवढी सोय १९९५ च्या यंत्रांत होती. ज्यांनी सुट्या तुकड्यांतून अख्खं गाणं उभं केलं त्यांना एक कडवं काही जड नव्हतं. पण त्यांनी तसं केलं नाही. शेवटचं कडवं मे स्वतः गायला, आपल्या पातळ, साध्या आवाजात. फ्रेडीसारखं गायचा कुठे प्रयत्नही नाही. गाणं चालू असताना अचानक आवाज बदलतो आणि पहिल्यांदा ऐकणारा क्षणभर गोंधळतो. मग लक्षात येतं की माणूस इथे थांबला. अमुक ओळीपर्यंत तो होता, पुढच्या ओळीला नाही. कडवं संपल्यावर १९८६ च्या वेम्ब्लीतली त्याची साद आणि हजारो लोकांचा प्रतिसाद, त्याच्या उमेदवारीच्या काळातल्या एका गाण्याचा तुकडा, आणि शेवटी तान्ह्या बाळाचं रडणं. म्हणजे आयुष्याची टेप उलटी फिरवल्यासारखी.

मरण दाखवणाऱ्या कलाकृती पुष्कळ आहेत. पण मरण नेमकं कुठल्या जागी आलं ती जागा जशीच्या तशी ठेवलेलं दुसरं गाणं मला माहीत नाही.

योगायोग असा की त्याच नोव्हेंबरात, १९९५ मध्ये, बीटल्सचं 'फ्री ॲज अ बर्ड' ऐकायला मिळालं. जॉन लेनन याचा खून १९८० च्या डिसेंबरात झाला होता, त्याच अशुभ वर्षात. त्याने घरी पियानोवर गुणगुणलेल्या काही कॅसेट योको ओनो यांनी पॉल मॅकार्टनीला दिल्या आणि उरलेल्या तिघांनी त्यातल्या गाण्यांवर साज चढवला. काम वरवर सारखंच. पण लेननला आपल्या गुणगुणण्याचं पुढे काय होणार याची कल्पनाही नव्हती. फ्रेडीने मात्र ते तेवढ्यासाठीच गाऊन ठेवलं होतं. एकाच्या बाबतीत कपाट उघडलं, दुसऱ्याच्या बाबतीत शब्द पाळला. बीटल्सच्या कॅसेटपैकी एकीत लेननचा आवाज पियानोत इतका मिसळून गेला होता की १९९५ च्या सुमारास ते गाणं सोडूनच द्यावं लागलं. पुढे संगणकाला शिकवून आवाज आणि पियानो अलग करता आले, आणि २०२३ मध्ये ते 'नाऊ अँड देन' म्हणून बाहेर पडलं. तोवर जॉर्ज हॅरिसनही जाऊन बावीस वर्षं झाली होती.

आता गोष्ट त्याच्याही पुढे गेली आहे. एखाद्याचा आवाज संगणकाला पुरेसा ऐकवला की त्या माणसाने कधीच न गायलेल्या ओळी त्याच्याच गळ्यातून काढता येतात. म्हणजे 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं आज कुणी हौशी पोरगा घरबसल्या फ्रेडीच्या आवाजात पुरं करू शकेल, आणि कदाचित शिवण कुठे आहे ते कळणारही नाही. नेमकं हेच मला नको वाटतं. यंत्राला माझा विरोध नाही. टेप, ट्रॅक, जोडकाम ही सगळी यंत्रंच होती, आणि ती नसती तर हा अल्बमही नसता. पण हरवलेलं साफ करून ऐकवणं वेगळं, आणि जे घडलंच नाही ते घडल्यासारखं दाखवणं वेगळं. त्या कडव्यात मेचा आवाज ऐकू येतो म्हणूनच आधीच्या कडव्यांतला फ्रेडी खरा वाटतो. रिकामी जागा बुजवली तर आपण त्याचं मरण खोडून काढत नाही, त्याचं शेवटपर्यंत उभं राहून गाणं तेवढं खोडून काढतो. 'परत येऊन पुरं करतो' या शब्दांना मग काही अर्थच उरत नाही.

अल्बम निघाल्यावर दोन वर्षांनी तिघांनी फ्रेडीच्या आठवणीचं आणखी एक गाणं केलं आणि जॉन डीकन कायमचा बाजूला झाला. त्याच्यापुरतं ते तिथे संपलं होतं, आणि त्याबद्दल त्याने कधी गाजावाजा केला नाही. मे आणि टेलर यांनी पुढे वेगवेगळ्या गायकांना बरोबर घेऊन कार्यक्रम केले, आधी पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट. पण पोस्टरवर नाव येतं ते 'क्वीन' आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह आणि मग गायकाचं नाव. हिशेबात अधिक म्हणजे भर. इथे ते चिन्ह उलटंच काम करतं. एक खुर्ची रिकामी आहे, ती आम्ही भरलेली नाही, पाहुणे शेजारी बसलेत, एवढंच ते सांगत राहतं.

'मेड इन हेवन' हा क्वीनचा सर्वोत्तम अल्बम नाही. तसं कुणी म्हणतही नाही. काही गाणी जरा जास्तच सजवलेली आहेत, आणि एक-दोन जागी दुःखापेक्षा निगुती अधिक दिसते. पण दिलेलं काम पुरं करताना कुठे हात लावायचा आणि कुठे आवरायचा, हे त्या तिघांना एका गाण्यात तरी नेमकं कळलं होतं. ते गाणं ऐकायचं झालंच तर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा. आवाज बदलेल. बदलू द्या.